कुदळ सैनिकाची, पण जमीन कोणाची? समाजवादी देशांतील सैन्य आणि खेडी

प्रश्न असा आहे की चीन, क्यूबा, व्हिएतनाम यांसारख्या समाजवादी राजवटींनी आपल्या सैन्याला शेती, पाटबंधारे, रस्ते आणि दवाखाने अशा कामांना लावले, त्याने खेड्यांचे खरोखर काही भले झाले का, की तो सारा देखावा होता. आणि भले झाले असेल तर आपल्याकडच्या दुष्काळी भागात तसे काही करता येईल का. माझी तीसहून अधिक वर्षे मृद व जलसंधारणाच्या कामात गेली आणि या देशांतील जमीन-पाण्याचा इतिहास मी त्याच कामाच्या ओढीने वाचत आलो. म्हणून उत्तरही त्याच अंगाने देतो.

माझे मत आधी सांगतो. सैन्याने किती जमीन लागवडीखाली आणली, किती कालवे खोदले, या आकड्यांवरून काहीच ठरत नाही. पाहायचे ते दोनच गोष्टींकडे. सैन्याच्या पोटाचा भार शेतकऱ्यावरून उतरला की त्याच्यावर आणखी चढला, आणि काम संपल्यावर जमीन व पाणी कोणाच्या हाती राहिले. या दोन कसोट्या लावल्या की एकाच देशातील, एकाच सेनापतीने केलेली दोन कामे अगदी वेगळी दिसू लागतात. तो सेनापती म्हणजे चीनचा वांग चन, आणि ती दोन कामे म्हणजे नाननिवान आणि शिनच्यांग.

नाननिवान ही येनानच्या आग्नेयेला साधारण ४५ किलोमीटरवर असलेली दरी. येनान म्हणजे चिनी कम्युनिस्टांचे तेव्हाचे मुख्य ठाणे. १९४१ मध्ये तेथे काय घडले हे समजण्यासाठी त्या वर्षीची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. जपानविरुद्धच्या युद्धात राष्ट्रवादी सरकार आणि कम्युनिस्ट यांची आघाडी नावाला टिकून होती, पण जानेवारी १९४१ मध्ये राष्ट्रवादी फौजांनी कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सेनेवर केलेल्या हल्ल्यानंतर ती आतून मोडली. येनानला मिळणारा पैसा बंद झाला आणि येनानभोवतीच्या कम्युनिस्ट ‘सीमाप्रदेशा’ची नाकेबंदी झाली. सुमारे चौदा-पंधरा लाख लोकांच्या त्या दरिद्री, कोरडवाहू मुलखावर सैनिक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्या पोटाचा भार पडला. १९३९ मध्ये शेतकऱ्यांकडून जेवढी धान्यपट्टी घेतली जात होती, तिच्या जवळजवळ चौपट १९४१ मध्ये घेतली गेली. नाचणी-बाजरीसारख्या भरड धान्यावर जगणाऱ्या घरातून चौपट धान्य उचलणे म्हणजे काय, हे ज्याने कोरडवाहू गावात एक वर्ष तरी काढले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

त्याच वर्षी ३ जूनला धान्यपट्टीच्या बैठकीवर वीज पडून येनछ्वान तालुक्याचा प्रमुख मरण पावला. तेव्हा एक शेतकरी म्हणाला की वीज त्याच्यावर पडली, माओवर का नाही पडली. त्या शेतकऱ्याला शिक्षा करावी अशी सूचना आली. माओने ती मानली नाही आणि लोक इतके का चिडले आहेत याची चौकशी करायला लावली. पुढच्या वर्षी पट्टी साधारण एक पंचमांशाने कमी झाली. ही हकीकत पक्षाच्या इतिहासात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, पण मला तिच्यात अभिमानापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट दिसते. सैन्य शेतीत उतरले ते आदर्श म्हणून नव्हे, तर शेतकऱ्याची सोसण्याची मर्यादा संपली म्हणून. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला पाठवलेल्या पत्रात कुणब्याचे दाणे, भाकर, गवत, भाजी घेऊ लागलात तर लोकांना तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल, असे बजावले आहे. शेतकऱ्यांच्या मुलखात राहून लढणाऱ्या प्रत्येक फौजेपुढचा पेच तोच असतो.

मार्च १९४१ पासून कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेची ३५९ वी ब्रिगेड वांग चनच्या हाताखाली नाननिवानात उतरू लागली. सैनिकांनी शेती करून राहावे ही कल्पना सरसेनापती जू दे यांनी मांडली होती, आणि तीही नवी नव्हती. हान घराण्याच्या काळापासून चीनच्या सरहद्दीवर अशा लष्करी वसाहती होत आल्या आहेत. नाननिवानची निवड मात्र फार शहाणपणाची होती, आणि बहुतेक लेखनात याच मुद्द्याकडे दुर्लक्ष होते. एकोणिसाव्या शतकातील बंडाळीत ती दरी उजाड झाली होती. मातीत ओल होती, झाडी माजली होती, पण वस्ती जवळजवळ नव्हती. म्हणजे कोणाच्या बांधावर पाय न ठेवता तेथे नांगर घालता येत होता.

पहिले वर्ष हालाचे गेले. राहायला घरे नव्हती, म्हणून डोंगराच्या लोएस मातीत गुहा खोदाव्या लागल्या. अवजारे नव्हती, म्हणून एका ओसाड देवळातील मोठी लोखंडी घंटा वितळवून कुदळी केल्या, असे सांगितले जाते. पलटणीत तरबेज शेतकरी होते तसे कधीच कुदळ न धरलेलेही होते. १९४४ पर्यंत ब्रिगेडने सुमारे २,६०,००० मू, म्हणजे साधारण ४३,००० एकर जमीन लागवडीखाली आणली. ती स्वतःच्या धान्यावर जगू लागली आणि उलट सरकारला धान्य देऊ लागली. कर वसूल करणारा आता करदाता झाला, आणि माझ्या पहिल्या कसोटीवर नाननिवान नि:संशय उतरते.

तरी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एक म्हणजे येनानचे अर्थकारण केवळ कुदळीवर तगले नाही. अफूच्या व्यापारातूनही त्या सरकारला मोठे उत्पन्न मिळत होते, हे नंतरच्या इतिहासकारांनी तेथल्याच हिशेबांवरून दाखवून दिले आहे. दुसरी गोष्ट माझ्या व्यवसायातली. लोएस ही वाऱ्याने वाहून आणलेली बारीक माती. तिच्यावरचे झाडोऱ्याचे पांघरूण गेले की एका वळवाच्या सरीत घळी पडतात. चढाची झाडी तोडून केलेल्या या शेतीने त्या भागातील धूप वाढवली. १९९९ पासून चीनने तीव्र उताराच्या शेतजमिनी पुन्हा झाडाखाली आणण्याची योजना सुरू केली, तेव्हा येनानचा परिसर तिच्या अग्रभागी होता. पंचवीस अंशांहून अधिक उताराची शेती सोडणाऱ्या शेतकऱ्याला सरकार धान्य आणि पैसे देऊ लागले. पोटाची निकड असताना पन्नास-साठ वर्षांनंतरच्या मातीचा विचार कोणी करत नाही, आणि त्याबद्दल मी त्या सैनिकांना दोष देणार नाही. पण तसा कार्यक्रम नमुना म्हणून साऱ्या देशापुढे ठेवला गेला, त्या वेळी हा विचार व्हायला हवा होता.

शेतीपेक्षाही मला त्या सैन्याची गावात वागण्याची शिस्त अधिक मोलाची वाटते. १९२८ च्या सुमारास चिंगकांग डोंगरात त्यांनी जे नियम केले, त्यांत लोकांची सुई किंवा दोराही घ्यायचा नाही हे प्रसिद्ध आहे. त्याहून बोलके नियम दोन होते. झोपण्यासाठी घेतलेली दारे परत बसवायची, आणि अंथरायला घेतलेला कडबा परत बांधून ठेवायचा. तिकडच्या घरांच्या दारांच्या फळ्या बिजागरीतून सहज निघत. दमून आलेला सैनिक ती काढून त्यावर झोपे आणि पहाटे तशीच टाकून निघून जाई. घरातल्या बाईला उघड्या घरात दिवस काढावा लागे. दार परत बसवा, आणि ज्याचे त्याच्याच चौकटीला बसवा, हा नियम करणाऱ्याने त्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणला होता. विकासाची पुष्कळ मोठी भाषा मी वाचली आहे, पण त्यात इतका नेमका विचार क्वचित सापडतो.

याच सैन्याशी महाराष्ट्राचा एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस १९३९ मध्ये येनानला पोहोचले, पुढे आघाडीवर गेले आणि जानेवारी १९४१ पासून बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी ते तेथेच वारले. ते रुग्णालय म्हणजे एक मोठी इमारत नव्हती. शत्रू आला की ते गावोगाव हलत असे, शेतकऱ्यांच्या घरांतच जखमी ठेवले जात, आणि गावातल्याच तरुण मुलामुलींना शिकवून परिचारक तयार केले जात. त्या प्रदेशातील अनेक खेड्यांत आधुनिक वैद्यक पहिल्यांदा पोहोचले ते असे, सैन्याच्या पाठीवर बसून. सैन्य निघून गेल्यावर शिकलेली मुलगी गावात राहिली, तर त्या गावाला खरे काही मिळाले.

आता दुसरे काम. १९४९ मध्ये वांग चनचे सैन्य चीनच्या वायव्य सरहद्दीवरील शिनच्यांगमध्ये शिरले. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे १,७५,००० सैनिकांना सेवामुक्त करून ‘उत्पादन व बांधकाम दल’ उभे केले गेले. सैनिक तेच, सेनापती तोच, कष्टही तेच. उरुमचीची सूतगिरणी आणि इतर कारखाने उभे करण्यासाठी या सैनिकांनी वर्षाला मिळणारे गणवेश कमी करून घेतले, सदऱ्याची कॉलर आणि टोपीची कड सोडली, चार खिशांचे दोन केले. वाळवंटाच्या कडेला शिहत्सीसारखे शहर त्यांनी फावड्याने उभे केले. हा त्याग खोटा नव्हता, आणि त्याची टवाळी करणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण तेथे जमीन नाननिवानसारखी मोकळी नव्हती. मोकळी दिसत होती, एवढेच. स्थानिक लोकांशी जमीन-पाण्याची चढाओढ करायची नाही हे दलाचे जाहीर तत्त्व होते आणि म्हणून त्यांनी बहुतेक शेते वाळवंटाच्या कडेला घेतली. कोरड्या मुलखात मात्र जमिनीपेक्षा पाणी महत्त्वाचे असते, आणि नदीच्या वरच्या अंगाला ज्याचा दरवाजा, त्याची नदी. तारिम नदीवर १९७२ मध्ये ताशिहाइत्सू धरण झाले आणि त्याखालचे नदीचे सुमारे तीनशे किलोमीटरचे पात्र कोरडे पडले. काठावरची हिवरासारखी चिवट तुर्कस्तानी झाडी वाळली आणि नदी ज्या तळ्यात जाऊन मिळत असे, तेही आटले. २००० पासून सरकारला वरून मुद्दाम पाणी सोडावे लागले, तेव्हा खालचा पट्टा पुन्हा थोडा हिरवा झाला. आमच्याकडे कालव्याच्या शेपटीला बसलेल्या शेतकऱ्याला ही गोष्ट एका वाक्यात कळेल.

माणसांचेही तसेच झाले. सैन्य पुरुषांचे होते, आणि ते कायमचे वसवायचे तर कुटुंबे हवीत. १९५० ते १९५२ या काळात हूनान प्रांतातून सुमारे ८,००० तरुणी नेल्या गेल्या. शिकायला मिळेल, कारखान्यात काम मिळेल, ट्रॅक्टर चालवायला मिळेल, असे त्यांना सांगितले होते. त्यांतल्या पुष्कळ जणींची लग्ने संघटनेने आपल्याहून बऱ्याच मोठ्या वयाच्या अधिकाऱ्यांशी लावून दिली. म्हातारपणी त्यांनी सांगितलेल्या आठवणींत ट्रॅक्टरवर पहिल्यांदा बसल्याचा आनंदही आहे आणि फसवणुकीचे दुःखही आहे; दोन्ही ऐकावे लागते. दल १९७५ मध्ये बरखास्त झाले, पण १९८१ मध्ये, वांग चनच्याच आग्रहाने, पुन्हा उभे राहिले. या वेळी कारण शेतीचे कमी आणि सरहद्दीचे व स्थानिक असंतोषाचे अधिक होते. आज त्याची स्वतःची शहरे, न्यायालये, शाळा आणि कापसाचे प्रचंड क्षेत्र आहे, आणि त्यातील बहुसंख्य लोक हान, म्हणजे चीनमधील बहुसंख्य समाजाचे, आहेत. शिनच्यांगमधील उइगुर या मुस्लिम समाजावरील दडपशाहीच्या संदर्भात २०२० मध्ये अमेरिकेने या दलावर निर्बंध घातले. शेतकऱ्याचा भार उतरवायला निघालेले सैन्य येथे शेतकऱ्याच्या जागी मालक होऊन बसले. दुसऱ्या कसोटीवर शिनच्यांग उतरत नाही, आणि शिहत्सीच्या पॉपलरच्या रांगा कितीही सुंदर असल्या तरी माझा हा निष्कर्ष बदलत नाही.

रशियाचे उदाहरण थोडक्यात. जानेवारी १९२० मध्ये लाल सेनेचा प्रमुख ट्रॉट्स्की याच्या पुढाकाराने उरलमधील तिसऱ्या सेनेची ‘पहिली श्रमसेना’ करण्यात आली. लाकूडतोड, रेल्वे आणि धान्याची वसुली ही तिची कामे होती. साधारण दोन वर्षांत तो प्रयोग मिटला. ज्या सैन्याकडे खेडे धान्य ओढून नेणारे म्हणून पाहते, त्याच्या हातात कुऱ्हाड दिली म्हणून ते गावाचे होत नाही.

क्यूबात निराळीच अडचण दिसते. १९७० मध्ये एक कोटी टन साखरेचे लक्ष्य ठरवून सैन्यासह सारा देश ऊसतोडीला लावला गेला आणि मोहिमेची सूत्रे अधिकाऱ्यांकडे गेली. साखर निघाली सुमारे ८५ लाख टन, म्हणजे क्यूबाच्या इतिहासातील विक्रम. पण बाकीची शेती, वाहतूक, कारखाने ओस पडले. ऊसतोड हे कसबाचे काम आहे हे आपल्या बीड-नगरच्या तोडकऱ्यांना सांगावे लागणार नाही. ऊस जमिनीलगत छाटला नाही तर साखर बुडख्यातच राहते आणि खोडवाही नीट फुटत नाही. हुकुमाने माणूस फडात नेता येतो, त्याच्या मनगटात तोडकऱ्याचा हात उतरवता येत नाही. त्याआधी, १९६५ ते १९६८ या काळात, कामाग्वेच्या शेतांत लष्करी देखरेखीखालील छावण्या होत्या. धार्मिक लोक, समलिंगी पुरुष आणि सरकारला नकोसे झालेले तरुण तेथे राबवले गेले. याला कोणी ग्रामीण विकास म्हणू नये. १९७३ मध्ये स्थापन झालेली ‘युवा श्रमसेना’ त्यामानाने बरी ठरली. सोव्हिएत मदत तुटल्यावर, १९९४ मध्ये संरक्षणमंत्री राउल कास्त्रो यांनी घेवडा हा तोफांइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा आहे असे सांगून सैन्याला अन्न पिकवायला लावले, तेव्हा या युवा सेनेचा भाजीपाला शहरांच्या बाजारात येऊ लागला. उपासमारीच्या काठावर तो उपयोगी पडला हे मान्य केले पाहिजे.

व्हिएतनामच्या मध्य पठारावर १९८५ पासून सैन्याची पंधरावी तुकडी रबर आणि कॉफीचे मळे चालवते. रस्ते, शाळा, दवाखाने तिने बांधले. पण ती जमीन जराई, एदे अशा आदिवासींच्या फिरत्या शेतीची होती, आणि २००१ व २००४ मध्ये तेथे जमिनीच्या प्रश्नावरून मोठा असंतोष उसळला. त्यानंतर या तुकडीने एक किन्ह (व्हिएतनाममधील बहुसंख्य समाजाचे) कामगार कुटुंब आणि एक आदिवासी कुटुंब यांची जोडी लावण्याची पद्धत जोरात राबवली. रबराचा चीक काढण्याची सुरी कशी धरायची, साल किती खोल कापायची, हे शेजारी शेजाऱ्याला शिकवतो. मला ही पद्धत चांगली वाटते, कारण ती माणसाला माणूस जोडते. मळ्याचा मालक मात्र अजूनही सैन्यच आहे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, आपल्याकडच्या दुष्काळी भागाचा. काही वर्षांपूर्वी एका गावाच्या माळावर बाहेरून आलेल्या शिस्तबद्ध तरुणांच्या पथकाने अवघ्या अकरा दिवसांत सलग समतल चर खोदले. काम सुबक होते, चराच्या कडा दोरी लावल्यासारख्या होत्या, आणि मी स्वतः त्या कामावर खूश होतो. दुसऱ्या पावसाळ्याअखेर ते चर गाळाने भरले. वरच्या बाजूला चराईबंदी नव्हती, कारण तो माळ धनगरांच्या आठ घरांचा एकमेव चारा होता आणि त्यांना कोणी विचारलेच नव्हते. गाळ काढायची जबाबदारी कोणाची हेही ठरले नव्हते. चूक त्या मुलांची नव्हती, आमच्यासारख्या आखणी करणाऱ्यांची होती. तेव्हापासून शिस्तबद्ध मनुष्यबळ मिळते आहे असे कोणी सांगितले की मी आधी विचारतो, पहिल्या पावसानंतर फावडे घेऊन कोण जाणार आहे?

या प्रश्नाचे उत्तर चीन आणि व्हिएतनामच्या इतिहासातही आहे, फक्त ते मोठ्या मोहिमांत शोधून सापडत नाही. या सैन्यांत लाखो शेतकऱ्यांची मुले होती. पलटणीत त्यांना अक्षरओळख झाली, हिशेब ठेवणे, सभा चालवणे, जखम बांधणे, नकाशा वाचणे ते शिकले, आणि सेवामुक्त होऊन आपापल्या गावी परतले. पन्नासच्या दशकात चिनी खेड्यांत सहकारी संघांचे हिशेबनीस आणि गावचे प्रमुख म्हणून जे तरुण पुढे आले, त्यांत असे माजी सैनिक मोठ्या संख्येने होते. त्यांनी वरून आलेले चुकीचे हुकूमही अंमलात आणले, हे खरे आहे, आणि १९५८ नंतरच्या भयंकर दुष्काळात त्याची किंमत गावांनी मोजली. पण पंपाचे इंजिन दुरुस्त करणारा आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यापुढे न घाबरता बोलणारा माणूस गावाला मिळाला तोही याच वाटेने. सैन्य गावात येणे आणि सैनिक गावात परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राळेगणसिद्धीला १९७५ मध्ये परतलेले अण्णा हजारे हेही सैन्यातून आलेले, पण ते आले आपल्या गावी, एकटे, आणि राहायला.

वर सांगितलेल्या माळापासून दोन कोसांवर आमचा एक माती नालाबांध आहे. तो बांधला त्याला आता पंचवीस वर्षे होत आली आणि त्याच्या आसपासचे त्याच वयाचे तीन बांध फुटले किंवा गाळाने भरून गेले. हा टिकला, कारण गावात एक निवृत्त हवालदार आहेत. त्यांची स्वतःची अडीच एकर विहीरबागायत त्या बांधाच्या पाझरावर आहे. पावसाची मोठी सर येऊन गेली की ते गुडघ्यापर्यंत विजार दुमडून, खांद्यावर खोरे टाकून सांडव्याकडे जातात, अडकलेल्या फांद्या काढतात, खेकड्यांनी पाडलेली भोके पायाने दाबून बुजवतात, आणि परत आल्यावर एका जुन्या वहीत तारीख घालून दोन ओळी लिहून ठेवतात.